गुण कापायचे कुणाचे?

1978 साली मी नायजेरियाला गेलो तो विद्यादानाच्या तळमळीनं नव्हे. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. घरावर सोसायटीचं कर्ज होतं, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, आणि एक नायरा तेव्हा एका डॉलरपेक्षा महाग होता. 1973 नंतर तेलाचे भाव चौपट झाले होते. त्या पैशाच्या जोरावर नायजेरियानं 1976 मध्ये सर्वांसाठी मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळा काढायला घेतल्या. इमारती उभ्या राहिल्या, पण गणित आणि विज्ञान शिकवणारी माणसं नव्हती. ती भारत, पाकिस्तान, घाना, फिलिपिन्स अशी जिथून मिळतील तिथून आणली गेली. मी त्यांतला एक.

माझी शाळा बाउची राज्यातल्या एका खेड्यात होती. पत्र्याच्या छपरांच्या लांबट इमारती, मुलांचं वसतिगृह, आमची क्वार्टर्स आणि चहूबाजूंनी ज्वारी-बाजरीची शेतं. देशाचे पहिले पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा याच बाउची भागातले, आणि राजकारणात पडण्यापूर्वी बाउचीच्याच शाळेत शिक्षक. शिक्षकाला तिथे ‘मालम’ म्हणत. रस्त्यात मालम दिसला की म्हातारी माणसंसुद्धा थांबून विचारपूस करत. तासगावात मला एवढा मान कुणी दिला नव्हता. तो मला चढला, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या सगळ्या चुकांना तो मान पुरून उरला. मालम चुकला असेल असं तिथे कुणाच्या मनातही येत नसे, आणि माझ्या तर नाहीच.

पहिल्या सत्रात मी जोरात शिकवलं. फळा भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. मध्ये मध्ये विचारायचं, “समजलं?” सगळा वर्ग एका सुरात “येस सर!” म्हणायचा. परीक्षेत बहुतेकांची दाणादाण उडाली. मी गावी थोरल्या भावाला पत्र लिहिलं की इथली पोरं स्वभावानं चांगली पण डोक्यानं मंद आहेत. ते पत्र त्यानं जपून ठेवलं होतं. पुढे मला परत वाचायला मिळालं तेव्हा लाज वाटली.

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक घानाचे गृहस्थ होते. एकदा माझ्या वर्गाबाहेरच्या ओट्यावर वह्या तपासत बसले होते. तास संपल्यावर म्हणाले, “तुमचं मलाच निम्मं कळलं नाही, पोरांना काय कळणार?” मी चिडलो. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथल्या धोरणाप्रमाणे प्राथमिक शाळेची पहिली तीन वर्षं मुलं आपल्या भाषेत शिकत, इंग्रजी माध्यम त्यानंतर सुरू होई. म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या पोरांनी जेमतेम तीन वर्षं इंग्रजीतून शिक्षण घेतलेलं, तेही हौसा बोलणाऱ्या मास्तरांकडून. त्यांच्यापुढे मी तासगावच्या उच्चारांचं इंग्रजी मोटारीच्या वेगानं सोडत होतो. त्यांचं “येस सर” म्हणजे मालमच्या प्रश्नाला दिलेलं मानाचं उत्तर होतं. समजल्याची पावती मी माझ्या सोयीनं मानली.

वर आणखी एक प्रकार. हौसा भाषेत ‘प’ नाही, त्याच्या जागी ‘फ’ येतो. मुलं ‘फ्रेशर’ म्हणत आणि पेपरात तसंच लिहीत. मी दरवेळी अर्धा गुण कापायचो. माझ्या तोंडचा ‘व्हेपर’ आणि ‘वॉटर’ एकाच ‘व’नं सुरू व्हायचा, आणि त्याबद्दल माझा पगार कुणी कापत नव्हतं.

पुढच्या सत्रापासून तासाला येणारे शब्द आधी फळ्यावर लिहू लागलो आणि “समजलं?” विचारायचं बंद केलं. त्याऐवजी एखाद्याला पुढे बोलावून “आता तू करून दाखव” म्हणायचो. वर्ग सावकाश सुधारला. पण मुलं माझ्याशी बोलताना खाली का बघतात, हे मात्र मी विचारून घेतलं नाही. मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देणं तिथे उद्धटपणाचं. मी मात्र नजर खाली गेली की मनात चोर आहे असं धरून चाललो. ही समजूत पुढे दोघांना फार महागात पडली.

त्याआधी एक चूक सांगतो, जिच्यावर आता हसता तरी येतं. स्थिर विद्युत हा धडा मी पावसाळ्यात शिकवला, कारण माझ्या तासगावच्या टाचणवहीत तो तिथेच होता. एबोनाइटची कांडी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायचे. कपटे हलेनात. कांडी बदलली, लोकर उन्हात ठेवली, सुवर्णपत्र विद्युतदर्शी काढला. त्याची पानं शेजारीशेजारी लोंबकळत राहिली. बाहेर दमट हवा, पत्र्यावर पावसाचा ताशा. शेवटी मी म्हणालो, “आता कपटे उचलले गेले असं समजा.” मुलांनी समजलं, वहीत आकृती काढली आणि “येस सर” म्हटलं.

मग नोव्हेंबर उलटला आणि हरमाटन सुरू झाला. सहाराकडून येणारा हा वारा सोबत धूळ आणतो आणि हवेतला ओलावा शोषून घेतो. ओठ फुटतात, लाकडी दारं आखडतात, धुतलेला सदरा बघता बघता वाळतो. एका रात्री अभ्यासाच्या वेळी जनरेटर बंद पडला आणि वसतिगृहात गलका झाला. मी बॅटरी घेऊन धावलो, तर पोरं अंधारात नायलॉनचे शर्ट ओढून काढत होती आणि त्यातून उडणाऱ्या ठिणग्या बघून खिदळत होती. मी त्यांना गोंधळ घातल्याबद्दल दुसऱ्या दिवशी गवत कापायला लावलं. भौतिकशास्त्राचा शिक्षक मी, आणि धड्यात जे मला दाखवता आलं नाही ते पोरं मला फुकट दाखवत असताना मी त्यांना शिक्षा केली! कोरड्या हवेत विद्युतभार टिकतो, दमट हवेत निसटतो, हे मला पाठ होतं. आमच्या कॉलेजातले प्राध्यापक हे प्रयोग थंडीतच करत, हेही आठवत होतं. त्या दोन गोष्टींची सांगड घालायला मला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. त्या वर्षी धडा हरमाटनमध्ये नेला तेव्हा साध्या प्लॅस्टिकच्या कंगव्यानं कपटे नाचवले.

शेतीच्या बाबतीत तर मला अज्ञानाची सबबही नव्हती. पहिला पाऊस पडला की काही मुलं न विचारता घरी पळत आणि पेरणी उरकून परतत. मी त्यांना प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवायचो. बोलायचो काय, तर “तुम्हांला शिक्षणाची किंमत नाही.” माझा थोरला भाऊ सातवीतून शाळा सोडून औताला लागला म्हणून मी बी.एस्सी. झालो. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तिथल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी माझी बायको रोज थापत होती, आणि ती ज्वारी पेरायला गेलेल्या पोराला मी दारात उभं करत नव्हतो.

आता पाण्याची गोष्ट. तिसऱ्या वर्षी मला एका वसतिगृहाचा हाऊसमास्तर केलं. तिथल्या निवासी शाळांत वरच्या वर्गातल्या मुलांचा कारभार चाले. पहिलीतली, म्हणजे फॉर्म वनची पोरं, मोठ्यांसाठी पाण्याच्या बादल्या आणत, त्यांचे कपडे धूत. सकाळी उजाडायच्या आत चिमुकली पोरं डोक्यावर बादल्या घेऊन रांगेनं येताना बघून मला राग येई. हाऊसमास्तर झाल्याबरोबर मी फर्मान काढलं: कुणीही लहान मुलाकडून पाणी आणवायचं नाही, आणवलं तर आठवडाभर गवत कापायचं. मुख्याध्यापक म्हणाले, “मालम, जरा सबुरीनं.” मी त्यांना मनातल्या मनात जुनाट ठरवलं.

काही आठवडे सगळं शांत होतं, आणि मी ते यश समजत होतो. त्या पद्धतीतला दुसरा अर्धा भाग मला दिसलाच नव्हता. प्रत्येक मोठ्या मुलाच्या पंखाखाली एखादं लहान पोर असे. त्याची पेटी तो सांभाळी, घरून आलेलं खाणं कुणी चोरू नये म्हणून लक्ष ठेवी, ताप आला तर दवाखान्यात नेई. पाणी बंद झाल्यावर मोठ्यांनी हेही बंद केलं. लहान पोरांच्या पेट्या फुटायला लागल्या. आणि पाणी तरी कुठे बंद झालं होतं? कोरड्या ऋतूत शाळेच्या आवारातली विहीर तळाला जाई. पाणी लांबच्या बोअरवरून आणावं लागे, आणि मी फर्मान काढताना पाण्याची दुसरी कसलीच सोय केली नव्हती. दिवसा माझी नजर असे, म्हणून मोठी मुलं लहानांना रात्री पाठवू लागली.

हे मला सांगितलं माझ्या बायकोनं. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तिनं बाजारात बसून हौसा उचलली होती. तिथल्या बायकांशी आधी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, थकवा कसा आहे, हे सगळं सावकाश विचारून मग ती टोमॅटोचा भाव काढायची. मी मात्र कुणालाही गाठलं की थेट कामाचं बोलायचो. त्यामुळे मला कुणी काही आपणहून सांगायचं नाही, तिला सगळं कळायचं. ती म्हणाली, “अहो, तुमच्या हाऊसमधली बारकी पोरं रात्री बादल्या घेऊन जातात म्हणे. पहारेकऱ्याची बायको सांगत होती.” मी म्हणालो, “शक्यच नाही, मी बंद केलंय ते.” त्यानंतर थोड्याच दिवसांत एक पोरगं अंधारात चरात पडलं आणि त्याचं मनगट मोडलं. पहाटे गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून हात बसवला. मी बायकोचं ऐकून एक रात्र जागा राहिलो असतो तर ते टळलं असतं.

त्यानंतर मी मोठ्या मुलांना बोलावून बसवलं आणि पहिल्यांदाच विचारलं की पाण्याचं काय करू या. त्यांनी वाटणी ठरवली: आठवड्यातले काही दिवस मोठ्यांनी ड्रम भरायचे, लहानांनी दिवसाउजेडी आणि झेपेल एवढीच बादली आणायची, पेट्यांची राखण पूर्वीसारखी मोठ्यांकडे. माझ्या फर्मानापेक्षा ती व्यवस्था बरी होती आणि मी तिथून निघेपर्यंत टिकली.

इथवरच्या चुका मी मागाहून का होईना, थोड्याफार सावरल्या. पुढची सावरली नाही.

फॉर्म फोरच्या सत्र परीक्षेत मी बॉइलचा नियम विचारला होता. पेपर तपासताना दोन उत्तरपत्रिका एकसारख्या निघाल्या. एखादं वाक्य नव्हे, नियम, प्रयोगाचं वर्णन, निष्कर्ष, सगळं शब्दाला शब्द. आणि दोघांनीही लिहिलं होतं की दाब स्थिर असताना वायूचं आकारमान त्याच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. दाब स्थिर असताना दाबाच्या प्रमाणात बदलणार कसं? तिथे ‘तापमान’ हवं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. पण इतकी विचित्र चूक? शिवाय दोघे शेजारच्या बाकांवर बसणारे. 1977 मध्ये पश्चिम आफ्रिकी परीक्षा मंडळाच्या प्रश्नपत्रिका देशभर फुटल्या होत्या. फुटलेल्या पेपरांना तेव्हापासून ‘एक्स्पो’ म्हणत आणि शिक्षकमंडळी वास घेत फिरत. मला वास आला.

दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं. विचारलं, “कॉपी केली?” दोघे खाली बघून म्हणाले, “नो सर.” मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. दोघे गप्प राहिले. मोठ्या माणसाचं म्हणणं दुसऱ्यांदा खोडायचं नसतं, हे त्यांचं वळण. मला तो कबुलीजबाब वाटला. शून्य दिलं. मुख्याध्यापकांनी सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढे दोघांची नावं घेतली. प्रगतिपुस्तकात वर्तणुकीच्या रकान्यात मी ‘अप्रामाणिक’ असा शेरा लिहिला.

मी छडी वापरत नसे. आजूबाजूचे बहुतेक शिक्षक वापरत, आणि आपण वापरत नाही याचा मला अभिमान होता. सुट्टीनंतर त्या दोघांपैकी एका मुलाचा बाप शाळेत आला. पायघोळ झगा, डोक्याला टोपी, हातात कोलाच्या बियांची पुडी. आधी माझी, माझ्या घरच्यांची, माझ्या देशाची विचारपूस झाली. मग शाळेच्या कारकुनाकरवी त्यानं सांगितलं की मालमनं पोराची लबाडी वेळेवर पकडली याबद्दल तो आभार मानायला आला आहे. घरी त्यानं पोराला चांगलं फोडून काढलं होतं आणि यापुढे मीही हात राखू नये, अशी त्याची विनंती होती. मी मान डोलावली. कोला घेतला.

महिनाभरानं उजळणी सुरू केली. पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हटलं, वायूंचे नियम वहीतून वाच. त्यानं वाचलं: दाब स्थिर असताना. मी म्हटलं, “नीट वाच.” त्यानं पुन्हा तेच वाचलं. मी शेजाऱ्याची वही ओढली, मग मागच्याची. सगळ्या वह्यांत तेच. पाठ्यपुस्तकं वर्गात मोजकी, त्यामुळे मी फळ्यावर नोट्स लिहायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. त्या दिवशी फळ्यावर वर चार्ल्सचा नियम होता, ज्यात दाब स्थिर असतो. खाली बॉइलचा लिहिताना मी तोच शब्द पुन्हा ओढला होता. माझ्या टाचणवहीत बरोबर होतं, फळ्यावर चूक होती.

बाकीच्यांनी परीक्षेत अर्धंमुर्धं आठवून काहीबाही लिहिलं होतं, त्यामुळे त्यांची चूक निराळ्या निराळ्या रूपात आली आणि मला ती त्यांचीच वाटली. या दोघांनी मात्र फळा जसाच्या तसा परत केला होता. दोघे लहानपणी कुराणाच्या शाळेत शिकलेले. तिथे लाकडी पाटीवर काजळीच्या शाईनं आयती लिहितात आणि बिनचूक पाठ झाल्यावरच पाटी धुतात. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. वर्गातले सर्वांत मन लावून अभ्यास करणारे ते दोघे होते, आणि शून्य मी नेमकं त्यांना दिलं. त्यांनी नक्कल केली होती हे खरंच, पण ती फळ्यावरून, आणि फळा माझा होता.

मग मी काय केलं? वर्गाला सांगितलं, “इथे दुरुस्ती करा.” कुणाची चूक, ते बोललो नाही. रजिस्टरमध्ये दोघांचे गुण भरले. त्यांना बाहेर बोलावून एवढंच म्हणालो, “तुमचे गुण वाढवलेत.” दोघे खाली बघून म्हणाले, “थँक यू, सर.” प्रार्थनेत त्यांची नावं घेतली गेली होती, तशी ती पुन्हा घेऊन खुलासा करायला मी मुख्याध्यापकांना सांगू शकत होतो. सांगितलं नाही. माझा करार त्या वर्षी वाढवायचा होता आणि मला फाइलवर डाग नको होता. त्यांच्या फाइलवरचा डाग चालला.

त्या बापाचं गाव बाउचीच्या रस्त्यावर होतं. दर महिन्याला बँकेतून घरी ड्राफ्ट पाठवायला मी त्याच रस्त्यानं जायचो. उतरून पाच मिनिटांत सांगता आलं असतं की तुमचा मुलगा लबाड नाही, मार खायला हवा होता तो मी. एकदाही उतरलो नाही. त्यानं मला माफ केलं नसतं अशी भीती नव्हती. उलट त्यानं लगेच माफ केलं असतं आणि वर माझीच विचारपूस केली असती. मग ‘मालम’ म्हणवून घेणं मला जड गेलं असतं.

1982 नंतर तेलाचे भाव उतरले, राज्यांच्या तिजोऱ्या आटल्या, शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकू लागले. 1983 च्या 31 डिसेंबरला लष्करानं सत्ता घेतली. 1984 मध्ये आम्ही परतलो. बहिणीचं लग्न झालं होतं, कर्ज फिटलं होतं. त्या दोन्हींत त्या पोरांच्या शाळेचा पैसा आहे.

परत आल्यावर निवृत्तीपर्यंत शिकवलं. दोन पेपरांत सारखी चूक दिसली की मी आधी मुलांच्या वह्या मागवायचो आणि माझं टाचण काढायचो. कधी पोरांनी खरंच कॉपी केलेली असे, कधी गाइडात छपाईची चूक निघे, आणि कधी ती माझी असे. माझी निघाली की वर्गापुढे “मी चुकीचं शिकवलं” असं मोठ्यानं म्हणायचो. पहिल्यांदा जीभ अडखळली, पुढे सवय झाली. मुलांचा माझ्याविषयीचा आदर त्यामुळे कमी झालेला दिसला नाही. हे तिथेच करून बघायला काहीच हरकत नव्हती.

नवे शिक्षक मला विचारतात, परदेशातल्या खेड्यात शिकवायला अवघड काय होतं? भाषा, हवा, खाणं, यांची सवय होते. मुलाची चूक झाली की त्याचे गुण कापले जातात, आणि मास्तरची झाली तरी मुलाचेच. ही व्यवस्था तासगावात आहे तशीच बाउचीत होती, फक्त तिथे मला अडवणारं कुणी नव्हतं. त्या दोन मुलांच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा खोडायला माझी एक सही पुरली असती. ती करायचा अधिकार 1984 पर्यंत माझ्याकडे होता.